चार तासांचे अंतर

२०२५ सालच्या जून महिन्यातील २३ तारखेची ती रात्र होती. आर्द्रा नक्षत्र नुकतेच लागले होते आणि मालवणच्या बंदराकडून येणारा वारा परसातील माडांना झोडपीत होता. पडवीत शेजारीपाजारी दाटीने बसले होते. मधल्या खोलीत शीतपेटीमध्ये आमचे थोरले बंधू, आमचे दादा, शांतपणे निजले होते. त्या दिवशी पहाटे त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. रोझरी नुकतीच आटोपली होती आणि जो तो एकच प्रश्न विचारीत होता: मुलगा कुवेतहून केव्हा पोहोचणार?

आमची नात हातातला मोबाईल घेऊन जवळ आली. तिने त्यात दोन विमानतळांची नावे घातली होती. क्षणार्धात उत्तर आले होते. ती म्हणाली, "आजोबा, कुवेत ते मुंबई सुमारे दोन हजार सातशे पन्नास किलोमीटर. विमानाला चार तास. म्हणजे काका उद्या दुपारपर्यंत घरी!"

आम्ही आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिले असते तर त्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले असते. परंतु त्या रात्री ते उत्तर आम्हाला अपुरे वाटले. ते का अपुरे वाटले, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहोत. वाचकांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी दूरदेशी असेल. त्यांना हा हिशोब परका वाटू नये.

दोन विमानतळांमधील अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. वर्गात आम्ही पृथ्वीच्या गोलावर एक दोरा ताणून धरीत असू. कुवेतचा विमानतळ २९ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, तर मुंबईचा १९ अक्षांशाच्या जवळ. दोरा ताठ केला की त्या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट मिळते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट कमानीसारखी वाकलेली दिसते आणि मुलांना नवल वाटते. प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरूनही जात नाही. आकाशात आखलेले मार्ग असतात, देशोदेशींच्या हद्दी असतात, कोणाच्या परवानगीने कोठून जायचे ते ठरलेले असते. वरच्या थरांतील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून कुवेतहून येणाऱ्या विमानाला जाणाऱ्या विमानापेक्षा थोडा कमी वेळ पुरतो.

आमच्या आईला मात्र हे कधी पटले नाही. तिचा हिशोब घड्याळाचा होता. दादा मुंबईहून सकाळी ८ वाजता निघाले की कुवेतला तेथील घड्याळाप्रमाणे साडेनऊला उतरत. येताना रात्री १० वाजता निघाले की मुंबईला पहाटे साडेचार वाजत. आई म्हणे, "जाताना दीड तास नि येताना साडेसहा! जावची वाट जवळची, येवची लांब." आम्ही तिला समजावीत असू की, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची, कुवेतची पंचेचाळीसवरची, साडेसदतीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणून दीडशे मिनिटे. ती सगळे ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. आम्ही मनात हसत असू. आज वाटते, शास्त्र आमच्या बाजूला असले तरी अनुभव तिच्या बाजूला होता. रात्री साडेनऊला ती रोझरीला बसे, कारण तेव्हा कुवेतमध्ये ७ वाजलेले असत आणि दादा कामावरून खोलीवर परतलेले असत. अडीच तासांच्या त्या फटीतून ती रोज आपल्या मुलाला भेटून येई.

या किनाऱ्याला दूरदेश नवा नाही. अरबी समुद्रातून शिडाची गलबते शेकडो वर्षे ये-जा करीत आली. त्या काळी अंतर तासांत मोजत नसत, ऋतूंत मोजत. पावसाळा सरला, वारा ईशान्येचा झाला, की पश्चिमेची वाट उघडे. नैर्ऋत्येचा वारा सुटण्याच्या आत घरी परतावे लागे. इंग्रजांनी मॉन्सून म्हणून उचललेला शब्द मुळात अरबांचा, ऋतू या अर्थाचा आहे. आमच्या लहानपणी मुंबईची बोट मालवणला लागे, तीही बंदरापासून दूर नांगर टाकी आणि पडावांतून माणसे उतरविली जात. पावसाळ्यात ती बंद असे. परंतु त्या बंद होण्याला एक नियम होता. दर्या कधी बंद होणार आणि नारळी पौर्णिमेनंतर कधी उघडणार, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. माणसे त्या बेताने निघत आणि त्या बेताने वाट पाहत.

दादा १९७८ साली कुवेतला गेले. जांभ्याच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हते. धाकट्यांची शिक्षणे व्हायची होती. एस.टी.ने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची आणि तेथून विमान. एस.टी.ला लागणाऱ्या वेळेच्या एक तृतीयांशात विमान समुद्रापलीकडे नेई, याचे गावात मोठे अप्रूप होते. चार तास हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात आला. दादा दूर आहेत असे कोणी म्हटले की आमचे वडील म्हणत, "दूर कसला? चार तासांचा तर अंतर!"

त्या चार तासांची खरी किंमत १९९० साली कळली. २ ऑगस्ट रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. विमानतळ बंद झाला. दूरध्वनी मुके झाले. आम्ही आकाशवाणीच्या बातम्यांना कान लावून बसत असू आणि बातमीत आमचे कोणीच नसे. तत्कालीन परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. पुढे भारतीयांना बाहेर पडण्याची वाट मिळाली, पण ती पूर्वेकडच्या समुद्रावरून नव्हती. आधी उत्तरेला बसरा, तेथून बगदाद, मग पश्चिमेला वाळवंट तुडवीत जॉर्डनची सरहद्द, आणि शेवटी राजधानी अम्मान. घर ज्या दिशेला होते, तिच्याकडे पाठ करून चालल्याखेरीज घरी जाता येत नव्हते.

दादांनी एका छोट्या वहीत हा प्रवास टिपून ठेवला होता. बसचे भाडे देण्यासाठी काय काय विकले, पाण्याची बाटली कितीला घेतली, सरहद्दीवरच्या तंबूत किती रात्री काढल्या, हे सारे तीत आहे. आयुष्याची पुंजी कुवेती दिनारांत होती आणि त्या दिनारांना कोणी विचारीत नव्हते. कुवेतपासून अम्मानपर्यंत जमिनीवरची वाट दीड हजार किलोमीटरांहून अधिक. अम्मानहून मुंबई विमानाने सुमारे चार हजार. दोहोंची बेरीज केली तर सरळ वाटेच्या दुप्पट. वेळेचा हिशोब तर विचारूच नये. चार तासांच्या वाटेला दादांना १९ दिवस लागले.

एअर इंडियाने १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका जगाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. आमच्या लेखी त्या लाखांतील एक आकडा दादांचा होता. सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईहून तार आली. तार म्हणजे वाईट खबर, या धास्तीने आईने दार लावून घेतले होते. हे ओळखून पोस्टमनने फाटकातूनच हाक दिली, "बरी खबर आसा गो, झिल मुंबैक पोचलो!" दोन दिवसांनी दादा एस.टी.तून उतरले. हातात एक पिशवी होती. बारा वर्षांची कमाई त्या पिशवीत मावत होती. आईने तिच्याकडे पाहिलेही नाही.

पुढे कुवेत मुक्त झाले आणि दादा १९९२ साली पुन्हा गेले. पुन्हा का गेलात, असे विचारणारे पुष्कळ भेटत. ज्यांच्या घराला छप्पर होते तेच असे विचारीत. मात्र त्यानंतर कोणी चार तास म्हटले की दादा हसून पुस्ती जोडत, "सगळा बरा असला तर!" सुरुवातीला आम्हाला तो विनोद वाटे.

१९९६ च्या जुलैत आई गेली. जगात तेव्हा शांतता होती, विमाने वेळेवर उडत होती, कुवेत-मुंबई अंतर पूर्वीइतकेच होते. परंतु दादांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि मालक गावाला गेला होता. आम्ही टेलिफोन बूथमध्ये उभे राहून मिनिटांचे आकडे पाहत बोलत होतो. दादा पलीकडून एवढेच विचारीत होते, "थांबतल्यात?" त्या वेळी आमच्याकडे शीतपेटी नव्हती. मुसळधार पाऊस लागला होता. बर्फाच्या लाद्या आणल्या, एक रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईला मातीच्या स्वाधीन केले. दादा चौथ्या दिवशी पोहोचले. सामान पडवीत टाकून ते तसेच दफनभूमीत गेले आणि पावसात किती तरी वेळ उभे राहिले. आम्हाला त्यांनी कधी दोष दिला नाही. पण त्यानंतर आमच्या घरात "दूर कसला?" असे कोणी म्हटले नाही.

काळ पालटला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यात चिपी येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. पाठोपाठ गोव्याच्या सीमेवर मोपा येथे दुसरा विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. दादा तोवर कायमचे परतले होते आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीस लागला होता. मोपा सुरू झाल्याचे ऐकून दादा म्हणाले, "आता विमान दारात इला." मुलाच्या पुढच्या खेपेला ते स्वतः त्याला आणायला गेले. घरापासून दोन तासांवर परदेशाची वाट, याचे त्यांना समाधान होते. मात्र मुलाने फोनवर प्रवासाचे तास सांगितले की त्यांचे ठरलेले उत्तर येई, "सगळा बरा असला तर!"

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. बेत असा होता: पुतण्या कुवेतहून रात्री १० वाजता निघणार, पहाटे साडेचारला मुंबईत उतरणार, सकाळच्या विमानाने मोपा आणि दुपारपर्यंत घर. दुसऱ्या दिवशी ४ वाजता मिस्सा आणि दफन. धर्मगुरूंना तसे कळविले होते. नातेवाइकांना फोन गेले होते.

इस्रायल आणि इराण यांच्यात १३ जूनपासून युद्ध पेटले होते, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचत होतो. पण ते आमच्या दारात येईल असे मनात आले नव्हते. त्या २३ तारखेच्या संध्याकाळी इराणने कतारमधील अमेरिकेच्या हवाई तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतार, कुवेत, बहरीन, संयुक्त अरब अमिराती, एकामागून एक देशांनी आपले आकाश बंद केले. पुतण्या विमानतळावर बसला होता. बोर्डिंग पास त्याच्या हातात होता. फलकावरची वेळ आधी पुढे गेली, मग नाहीशी झाली. त्याचा फोन आला. पलीकडून काही क्षण शब्दच येईनात. मग त्याने विचारले, "काका, थांबतल्यात?"

एकोणतीस वर्षांनी तोच प्रश्न. तेव्हा बापाने विचारला होता, आता मुलगा विचारीत होता. आम्ही मधल्या खोलीकडे पाहिले आणि म्हटले, "थांबतलाव."

म्हटले खरे, पण ते आमच्या एकट्याच्या हाती नव्हते. सकाळी आम्ही धर्मगुरूंकडे गेलो. ते वयाने आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. १९९६ ची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती. ती सांगताना आमचा आवाज फुटला. त्यांनी एवढेच म्हटले, "मिस्सा ठरल्या वेळी करू या, लांबून माणसं आली असतील. दफनाला तो येईल तेव्हा मी येईन. रात्र झाली तरी चालेल."

कुवेतचे आकाश मध्यरात्रीनंतर उघडले, पण खोळंबलेली विमाने एकदम कशी सुटणार? पुतण्याचे विमान तेथील सकाळी ६ वाजता निघाले. मुंबईत उतरेपर्यंत दुपारचा साडेबाराचा सुमार. मोप्याचे सकाळचे विमान केव्हाच गेले होते. पुढच्यात कशीबशी जागा मिळाली.

तो दिवस संत योहानाच्या सणाचा होता. एरवी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घातलेली पोरे ढोल वाजवीत घरोघर हिंडतात, विहिरींत उड्या टाकतात. त्या दिवशी ती आमच्या फाटकापाशी आली तेव्हा ढोल थांबले. पोरे ओल्या अंगाने, मुकुट हातात घेऊन, चिडीचूप पुढे गेली. ४ वाजता मिस्सा झाली. लोक पांगतील असे वाटले होते. काही गेले, पुष्कळ थांबले. दफनभूमीत खड्डा सकाळीच खणून ठेवला होता आणि त्यावर मच्छीमार शेजाऱ्यांनी होडीवरची ताडपत्री बांधली होती. तरी जांभ्याच्या भेगांतून पाणी पाझरून आत साचत होते. चार जण आळीपाळीने खाली उतरून डब्यांनी ते उपसत होते. त्यांतले दोघे आमच्या धर्माचे नव्हते. पाणी उपसून होई आणि पुन्हा साचे, पुन्हा उपसून होई. घड्याळाकडे कोणी पाहिले नाही.

रात्री ८ वाजून गेल्यावर गाडीचे दिवे दिसले. पुतण्या उतरला. त्याच्या अंगावर अजून कामावरचा सदरा होता. कोणी काही बोलले नाही. लोकांनी वाट करून दिली. तो दादांच्या चेहऱ्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिला, मग वाकून त्याने त्यांच्या कपाळावर ओठ टेकले. धर्मगुरू ओल्या छत्रीसह येऊन थांबले होते, पण त्यांनी घाई केली नाही. गॅसबत्त्यांच्या उजेडात आम्ही दादांना आईच्या शेजारी ठेवले. खड्डा कोरडा होता.

घरी परतल्यावर आम्ही दादांची ती वही काढली. १९९० चा प्रवास जेथे संपतो, त्या पानाखाली बरीच जागा कोरी होती. पुतण्याने तेथे आपला हिशोब लिहिला: कुवेतच्या विमानतळावर पाऊल ठेवल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत साडेबावीस तास. त्यांतील पहिल्या विमानाचे चार. दादांच्या १९ दिवसांपुढे हे काहीच नव्हे, आणि तरी वाट पाहणाऱ्यांना ते फार होते.

विमानाचा वेग वाढला, विमानतळ घराजवळ आले, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु चार तास ही विमानाची शक्ती आहे. तो वेळ प्रत्यक्ष पदरात पडायचा तर वाटेतल्या सर्व देशांनी आपापले आकाश शांत ठेवले पाहिजे, मालकाच्या कपाटातील पासपोर्ट वेळेवर हातात आला पाहिजे, आणि एवढे करूनही उशीर झालाच तर इकडे पाणी उपसत थांबणारी माणसे असली पाहिजेत. दर्याला निदान नारळी पौर्णिमा होती. युद्धाने बंद केलेल्या आकाशाला तशी तिथी नसते.

पुतण्या महिनाभराने परत निघाला. नातीने पुन्हा मोबाईल काढला आणि आम्हाला अंतर वाचून दाखविले. आकडा तोच होता, तासही तेवढेच. आम्ही तिला जवळ बसवून वही दिली आणि तो आकडा शेवटच्या पानावर लिहायला सांगितला. तिने लिहिले. मग पेन तसेच हातात धरून तिने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही काही सांगण्याच्या आत पुढे लिहिले, "सगळा बरा असला तर."

या खेपेला आम्ही तिला पैकीच्या पैकी गुण दिले.